मणक्याचं ऑपरेशन: कुठलं दुखणं कधी जाणार, हे आधी विचारून घ्या

मृद्गंधा_सांगली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मागच्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या माझं मणक्याचं ऑपरेशन झालं. एल-४ एल-५ ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली) गादी सरकून नस दबली होती, मायक्रोडिस्केक्टमी केली, म्हणजे छोट्या छेदातून गादीचा सरकलेला भाग काढला. त्याआधी चार महिने डाव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत अशी कळ जायची की भाकऱ्या करताना एक पाय स्टुलावर ठेवून उभी राहायचे. ट्रॅक्शन झालं, इंजेक्शन झालं, बेल्ट झाला, शेवटी अंगठा वर उचलेना तेव्हा डॉक्टर म्हणाले आता थांबण्यात अर्थ नाही.

लिहायचंय ते ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळबद्दल. सर राउंडला आले, मी आपलं विचारलं, "सर मी बरी होईन ना?" त्यांनी स्टूल ओढलं, बसले, माझ्या फाईलमधला एक कागद उलटा करून बॉलपेनने कंबर आणि पाय असं चित्र काढलं आणि त्यावर तीन गोल केले. पायातली कळ: बहुतेक शुद्धीवर आल्यावर किंवा दोन-चार दिवसांत जाईल. कंबर: सहा आठवडे धरून चाला, मधेच एखाद दिवशी जास्त दुखेल, घाबरायचं नाही. अंगठ्याचा बधिरपणा: महिने लागतील, थोडा कायमचाही राहू शकतो. आणि खाली लिहिलं, "उद्या संध्याकाळी चालायचं."

नवव्या रात्री कुशीवर वळताना कमरेत अशी चमक आली की घामच फुटला. मनात आलं संपलं सगळं, गादी परत सरकली. नवऱ्याने लाईट लावला, पाकिटातून तो कागद काढला आणि "मधेच एखाद दिवशी जास्त दुखेल" एवढंच वाचून दाखवलं. पायात कळ नव्हती, म्हणजे नस मोकळी होती. पाणी प्यायले आणि झोपले. सकाळी नेहमीसारखी अंगणात दहा मिनिटं चालले.

शेजारच्या बेडवर एक काकू होत्या, त्यांचंही मणक्याचंच ऑपरेशन, माझ्या आधी एक दिवस. त्यांना सांगितलं होतं "एकदम ओके होशील" आणि घरचे भेटायला आलेले सगळे सांगत होते की मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो. चौथ्या दिवशी त्यांची कंबर ठणकली आणि त्यांनी ठरवूनच टाकलं की ऑपरेशन फेल गेलं. चार महिन्यांनी ओपीडीत भेटल्या, भिंत धरून चालत होत्या, बेल्ट तोच, घरी उठू देत नाहीत म्हणाल्या. त्यांचा एमआरआय काही मी बघितला नाही, कदाचित त्यांचा त्रासच माझ्यापेक्षा मोठा असेल. पण त्यांच्याकडे तो कागद नव्हता हे मला अजून टोचतं.

तेव्हापासून ह्या विषयावर मिळेल ते वाचतेय. अमेरिकेत मेन राज्यातल्या सायटिकाच्या (नस दबून पायात जाणाऱ्या कळेच्या) ऑपरेशनच्या पेशंटांवरचा १९९९ चा एक अभ्यास आहे, त्यात ज्यांना आधीपासून चांगली अपेक्षा होती त्यांचे परिणाम जास्त करून चांगले आले. आणि त्याच अभ्यासात डॉक्टरांचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त आशावादी निघाले! म्हणजे अपेक्षा चांगली हवी, पण ती फुगवलेली असून उपयोग नाही.

तुमचे अनुभव लिहा. ऑपरेशन झालेल्यांनी, न झालेल्यांनी, घरच्यांनी पण.

फिजिओताई

खूप मनापासून लिहिलंयस गं. मी नाशिकला १४ वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि पेशंट दारातून आत येताना कसा चालतो त्यापेक्षा खुर्चीत बसायला किती वेळ लावतो हे आधी बघते. जो दोन्ही हात टेकून, श्वास रोखून, कंबर लाकडासारखी ताठ ठेवून बसतो त्याच्या मनात "काहीतरी निसटेल" असं चित्र असतं. स्क्रू निसटेल, टाका उसवेल, गादी बाहेर येईल. भीतीने हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू आखडतात, आखडले की थोडं हललं तरी दुखतं, आणि दुखलं की भीती खरी ठरते. हे चक्र एकदा सुरू झालं की कितीही चांगलं ऑपरेशन असू दे, माणूस पुढे सरकत नाही.

बधिरपणाबद्दल सांगते, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच घाबरतात. नस नुसती दबलेली असेल तर दाब काढल्यावर ती बऱ्यापैकी लवकर जागी होते. पण आतले तंतू तुटले असतील तर नवा तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर ह्या वेगाने पुढे वाढतो. आता टेप घ्या आणि कमरेपासून अंगठ्यापर्यंत अंतर मोजा! मी पेशंटकडूनच मोजून घेते. तो आकडा बघितला की "तीन आठवडे झाले तरी मुंग्या का" हा प्रश्न आपोआप बदलतो.

अजून एक, स्टॅनफर्डच्या कॅरागी ह्या सर्जनने १९९६ मध्ये गादीचं ऑपरेशन झालेल्या ५० पेशंटांना मुद्दाम कुठलीही बंधनं घातली नाहीत, जमेल तसं कामाला लागा म्हणून सांगितलं, आणि ते सरासरी दोन आठवड्यांच्या आतच कामावर परतले. आपल्याकडे तीन-तीन महिने वाकू नको, बसू नको. अर्थात हे नुसती गादी काढलेल्यांचं आहे. स्क्रू-रॉड टाकून फ्यूजन केलं असेल, म्हणजे मणके एकमेकांना जोडले असतील, तर हाड जुळायला महिने लागतात, तिथे तुमच्या सर्जनने सांगितलेलंच पाळायचं, कुणीही हे वाचून लगेच पोती उचलायला जाऊ नये.

गोदाकाठ

लेख आवडला पण एक गोष्ट खटकली ती स्पष्ट लिहितो. ज्याचा आजार कमी तो आधीपासूनच आशावादी असतो, आणि तोच लवकर बरा होतो. मग अपेक्षेमुळे बरा झाला की मुळात आजारच कमी होता? हे वेगळं कसं करणार?

आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. माझ्या वडिलांचं फ्यूजन झालं, पायात काही नव्हतं, फक्त कंबर दुखायची. रॉड-स्क्रू टाकले की विषय संपला असं सांगितलं होतं. अण्णा इतके खूश होते की ऑपरेशनआधीच त्यांनी पंढरीची वारी पायी करायचं बोलून ठेवलं होतं. दीड वर्ष झालं, कंबर तेवढीच दुखते. आता घरात येणारा प्रत्येक जण त्यांना सांगतो, "अण्णा पॉझिटिव्ह राहा, मनावर घ्या." परवा ते आईला म्हणाले, "म्हणजे माझंच मन कच्चं आहे असं म्हणणं आहे का सगळ्यांचं?" हे ऐकून मला काय वाटलं ते लिहू शकत नाही. त्यामुळे अपेक्षांवर बोलताना बरं न झालेल्या माणसावर खापर फुटणार नाही एवढं बघा.

मृद्गंधा_सांगली

गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अण्णांना माझा नमस्कार सांगा. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे आणि मूळ पोस्टमध्येच मी हे लिहायला हवं होतं. अण्णांची आशा कमी पडलीच नाही हो, त्यांना जे सांगितलं तेच पुरेसं नव्हतं. नस दबून पायात कळ येत असेल तर ऑपरेशनचा उपयोग बराच खात्रीचा असतो, नुसत्या कंबरदुखीसाठी फ्यूजन केलं तर तेवढी खात्री देता येत नाही, आणि हे आधी सांगणं समोरच्याचं काम होतं. "मनावर घ्या" म्हणणाऱ्यांना तुम्ही घरात एकदा स्पष्ट सांगा, प्लीज.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. पण माझ्यापुरतं एवढं दिसलं की त्या कागदाने माझी नस काही बरी केली नाही, नवव्या रात्रीनंतरच्या सकाळी मला अंगणात मात्र नेलं.

अनिकेत_लायडन

गोदाकाठ यांच्या मुद्द्याला धरूनच लिहितो. मी गेली आठ वर्षं नेदरलँड्समध्ये लायडनला आहे, मलाही इथे सायटिका झाला होता. इथले डॉक्टर पहिल्यांदा काय करतात तर थांबा म्हणतात! मला राग आला होता, पुण्यात असतो तर एव्हाना एमआरआय होऊन ॲडमिट झालो असतो असं वाटलं. मग डॉक्टरांनी इथल्याच २००७ च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. जोरदार सायटिका असलेले २८३ पेशंट, अर्ध्यांना लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना थांबायला सांगितलं. थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. फरक एवढाच की ऑपरेशनवाले लवकर बरे झाले.

हे कळल्यावर माझा प्रश्नच बदलला. "ऑपरेशन केलं तर बरा होईन का" हा प्रश्न सुटला, उरला तो "मला लवकर सुटका हवीय की काही महिने काढायची तयारी आहे" हा. माझं बसून काम, ऑफिस ऐकणारं होतं, मी थांबलो, पाचव्या महिन्यात सायकल चालवायला लागलो. माझ्या जागी कुणी रोजंदारीवाला असता तर त्याने लवकर ऑपरेशन घेणंच बरोबर ठरलं असतं.

रानवाटा

आमच्या गावाजवळ एक जण कंबर बसवून देतात, एका झटक्यात गादी जागेवर जाते, माझ्या मामांना दोन वेळा गुण आलाय. ऑपरेशनच्या नादी लागण्याआधी एकदा दाखवून या असं सगळ्यांना सुचवेन. ज्याचा विश्वास त्याला गुण येतो, धाग्याचा विषयही तोच आहे ना?

फिजिओताई

रानवाटा, मामांना बरं वाटलं याचा आनंद आहे, बहुतेक कंबरदुखी आपली आपण बरी होते. पण एका झटक्याने गादी जागेवर जात नाही आणि दबलेल्या नसेवर असा झटका बसला तर नुकसान होऊ शकतं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने एक लक्षात ठेवा, इथे विश्वास-अपेक्षा काही चालत नाही: लघवी तुंबली किंवा आपोआप व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, बसतो त्या जागेला आणि जांघेत बधिरपणा आला, पाऊल लुळं पडून चप्पल पायातून निसटायला लागली, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं. उद्या बघू नाही, मालिश नाही. माझ्याकडे एक ताई दोन दिवस उशिरा आल्या होत्या, त्यांच्यासाठी अजून जीव तुटतो.

मेलबर्नकर

आमच्या इथलं एक उदाहरण देते. १९९७ मध्ये इथे व्हिक्टोरिया राज्यात टीव्हीवर मोठी मोहीम झाली, पाठदुखी झाली म्हणून झोपून राहू नका, हालते-फिरते राहा, कामावर जा, एवढाच निरोप. डॉ. रेशेल बुकबाइंडर यांनी त्याचा अभ्यास केला. लोकांची पाठदुखीबद्दलची समजूत बदलली, डॉक्टरांचीही बदलली, आणि पाठदुखीपायी कामगारांच्या भरपाईचे दावेही कमी झाले. नुसत्या समजुतीत एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

ह्याच बाईंचं अजून एक काम आहे. म्हातारपणी ठिसूळ झालेला मणका दबतो, तर त्यात सिमेंट भरतात, व्हर्टेब्रोप्लास्टी. २००९ मध्ये ७८ पेशंटांपैकी काहींना खरं सिमेंट भरलं, काहींना नुसती सुई लावून तसंच वातावरण तयार केलं, कुणाला काय मिळालं हे पेशंटला माहीत नाही. बरं वाटण्यात फरक नाही! अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चालवलेल्या दुसऱ्या अभ्यासातही त्याच वेळी १३१ पेशंटांवर तसाच निकाल आला. आता ह्यात किती भाग अपेक्षेचा आणि किती दुखणं आपोआप कमी होण्याचा हे सांगता येत नाही, कारण असं फ्रॅक्चर काही आठवड्यांत भरूनही येतं. पण माझ्या आईला नागपूरला जेव्हा ही प्रोसिजर सुचवली तेव्हा आम्ही दोन प्रश्न जास्त विचारले आणि सहा आठवडे थांबलो. आई आता देवपूजा खाली बसून नाही, खुर्चीवर बसून करते, पण करते.

नीलमोहर

एमआरआयबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मला रिपोर्ट हातात मिळाला तेव्हा त्यात "डिजनरेशन", "बल्ज", "डेसिकेशन" असे शब्द, आणि लॅबमधल्या मुलाने सहज सांगितलं "मणक्यात गॅप आहे". तो गॅप शब्द मी दोन वर्षं डोक्यात घेऊन फिरले. स्वप्नात मणके सुटे झालेले दिसायचे. मुलीला कडेवर घेतलं नाही त्या दोन वर्षांत, ती आता सहा वर्षांची आहे, आता ती काही कडेवर येत नाही.

मग एका डॉक्टरांनी सांगितलं की १९९४ साली पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले होते, त्यातल्या ५२ टक्के लोकांना कुठे ना कुठे गादी फुगलेली होती आणि सगळ्या गाद्या ठणठणीत असलेले फक्त ३६ टक्के. त्या दिवशी रिक्षात बसून रडले मी. हे आधी कुणी का सांगितलं नाही?

सातारकर_वहिनी

सगळ्यांचं वाचतेय, खूप धीर आला. आमचे हे एसटीत ड्रायव्हर आहेत, २२ वर्षं झाली. उजव्या पायात कळ, एल-५ एस-१ (कमरेची अगदी खालची गादी), पुढच्या बुधवारी ऑपरेशन ठरलंय. हे एकच म्हणतात, पंधरा दिवसांत ड्युटीवर जाणार. सासूबाई म्हणतात आता स्टेअरिंग विसरा. मी मधे. डॉक्टरांकडे एवढी गर्दी असते की दोन मिनिटं मिळतात, काय विचारू?

फिजिओताई

वहिनी, मोबाईलमध्ये आत्ताच लिहून ठेवा आणि आत गेल्यावर तेच वाचा. ह्यांना काय काय होतंय ते सुटं सुटं करा: पायातली कळ, कंबर, बधिरपणा, पायातली ताकद. प्रत्येकाचं विचारा, ह्यातलं काय जाणार, साधारण कधी, आणि काय राहू शकतं. "बरे होतील ना" विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. आणि कामाचं विचारताना "कामावर कधी" असं नको, कारण डॉक्टरांच्या डोळ्यासमोर टेबल-खुर्चीचं काम येतं. सांगा की सलग सात-आठ तास सीटवर, खड्ड्यांचे हादरे, क्लच-ब्रेक दाबायला पायात जोर लागतो. मधल्या काळात डेपोत हलकं काम मिळण्यासाठी सर्टिफिकेट लागेल तेही तेव्हाच मागा.

आणि सासूबाईंना सोबत घेऊन जा. घरात रोज ऐकू येणारं वाक्य कोण बोलतं तर त्या बोलतात, त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकू देत.

मृद्गंधा_सांगली

+१. वहिनी, आणि डॉक्टरांना कागदावर लिहून द्यायला सांगा. ऐकलेलं रात्री तीन वाजता आठवत नाही.

नीलमोहर

न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत तर कमरेच्या ऑपरेशनआधी पेशंटच्या अपेक्षा विचारायची २० मुद्द्यांची प्रश्नावली केलीय २०१३ मध्ये. आपल्याकडे ॲडमिशनच्या वेळी इतके फॉर्म भरून घेतात, सह्या घेतात, त्यात "तुम्हाला ह्यातून काय हवंय" हा एक रकाना असता तर किती बरं झालं असतं.

गोदाकाठ

वहिनी, यजमानांना शुभेच्छा. मी परवा अण्णांना घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो होतो, ह्या धाग्यामुळेच गेलो. त्यांनी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं की दुखणं पूर्ण जाईल असं नाही म्हणू शकत, पण चालायचं अंतर वाढवता येईल, आधी २०० पावलं, मग ३००. अण्णा बाहेर येऊन म्हणाले, "हा माणूस खरं बोलला." नाराज होतील असं वाटलं होतं मला, उलट घरी आल्यावर पावलं मोजायला वही मागितली.

सातारकर_वहिनी

उशीर झाला लिहायला, सॉरी. ऑपरेशन होऊन आज २४ दिवस झाले. सासूबाई आल्या होत्या आत. मी मोबाईलवरचं वाचत गेले, डॉक्टर आधी थोडे चिडल्यासारखे वाटले, मग स्वतःच खुर्ची पुढे घेऊन बोलायला लागले. म्हणाले कळ लगेच जाईल, करंगळीकडचा बधिरपणा राहील बरेच महिने, टाचेवर-चवड्यावर नीट उभं राहता आलं की मगच गाडीचं बघू, तीन महिने तरी धरा. ह्यांचं तोंड उतरलं तेव्हा. पण शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य "कळ गेली गं". दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालले.

मधे दहाव्या-बाराव्या दिवशी कंबर जाम दुखली, मी घाबरले, आणि सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलंय ना दुखेल म्हणून, उठव त्याला, चालू दे." मला त्यांच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. आता रोज सकाळी स्टँडपर्यंत जाऊन चहा घेऊन परत येतात, दीड किलोमीटर होतं. तिथे मित्र विचारतात कधी येतोय ड्युटीवर, तर चवड्यावर उभे राहून दाखवतात, अजून उजवी टाच पूर्ण उचलत नाही.

एक विचारायचं होतं फिजिओताई, आमच्या गावाकडच्या घरी खाली बसायचा संडास आहे आणि पुढच्या आठवड्यात जत्रेला जायचंय. खुर्ची-कमोड न्यावा का तिथे?

फिजिओताई

किती छान बातमी! टाच हळूहळू उचलेल, रोज भिंतीला हात लावून दहा-दहा वेळा उचलायचा प्रयत्न करायचा. जत्रेला जरूर जा. कमोडची खुर्ची घेऊन जा, घडीची मिळते मेडिकलमध्ये, भाड्यानेही मिळते. एवढ्या लवकर उकिडवं बसणं नको, आणि गाडीत दर अर्ध्या-पाऊण तासाला खाली उतरून पाच मिनिटं चालवा त्यांना. उकिडवं कधी बसायचं ते सहा आठवड्यांच्या तपासणीत विचारा, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.